आमचे कूलर-प्रकरण

मे महिन्यातली गोष्ट. वेळ दुपारी अडीचची आणि स्थळ नगर. २०२४ सालापासून कागदोपत्री ते अहिल्यानगर झाले आहे आणि चौंडीच्या त्या थोर लेकीचे नाव आपल्या जिल्ह्याला मिळाले याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या जिभेला जुनी सवय सुटत नाही. तेव्हा वाचकांनी मला नगरच म्हणू द्यावे.

तर अशा त्या दुपारी आमच्या कन्येने जाहीर केले, "बाबा, आपल्याला कूलर घ्यावा लागणार."

मला अगदी गहिवरून आले. आमचे बिऱ्हाड सावेडीत, चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. उन्हाळ्यात वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब आम्हांला परत करतो. पंखा लावला तर तो गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो. खोलीत माझी ब्याऐंशी वर्षांची आई पदराने वारा घेत बसलेली. तिच्यासाठी नातीचा जीव तुटला, असे मला वाटले. मी तत्काळ चपला घातल्या आणि प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत जाऊन तीन दुकाने पालथी घातली. वाळ्याचा की लाकडाच्या भुशाचा, चाळीस लिटरचा की साठ लिटरचा, पत्र्याचा की प्लॅस्टिकचा, अशी सगळी टिपणे कागदावर घेऊन घामाघूम होऊन परत आलो.

कन्येने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, खोलीचा नाही. प्रोसेसरचा कूलर!"

आतून सौ.चा आवाज आला, "म्हणजे आता त्या डब्यालाही कूलर? माणसांना नाही आणि यंत्राला?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर समजावे म्हणून थोडी मागची हकिगत सांगितली पाहिजे.

* * *

मी कॉलेजात मराठी शिकवतो. गेली वीस वर्षे पदवीच्या वर्गाला लोकसाहित्यही शिकवतो. जात्यावरच्या ओव्या हा त्यातला माझा आवडता भाग. नगर जिल्ह्यातल्या मास्तरला ओवीचा अभिमान असायलाच हवा. ज्ञानेश्वरांनी आपली ओवीबद्ध भावार्थदीपिका सांगितली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली. बायकांची ओवी तिच्याहूनही जुनी असली पाहिजे, असे मी वर्गात आवेशाने सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, हेही सांगतो. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मी गुण देतो.

माझी आई पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात चाळीस वर्षे पहाटे जात्यावर बाजरी दळत होती. ती ओव्या म्हणायची. मी शेजारच्या गोधडीत झोपलेला असायचो. वीस वर्षांत एकदाही मला सुचले नाही की, आईला समोर बसवावे आणि विचारावे, "तुला कोणत्या ओव्या येतात?" पुस्तकातल्या ओव्या मी जपल्या, घरातल्या तशाच राहू दिल्या.

हे माझ्या लक्षात आणून दिले कन्येने. गेल्या वर्षापासून आई विसरू लागली. आधी चष्मा, मग वार, मग मधूनच माणसांची नावे. एकदा देवापुढे बसून काहीतरी गुणगुणताना ती अडली आणि पुढचे शब्द तिला आठवेचनात. ती नुसती आमच्याकडे बघत राहिली. त्या रात्री कन्या मला म्हणाली, "बाबा, आजीचं सगळं रेकॉर्ड करायला हवं. याच सुट्टीत. दिवाळीपर्यंत थांबायला नको."

कन्या संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला अभ्यासासाठी संगणक हवाच होता. तयार घेतला तर महाग पडतो, सुटे भाग आणून घरी जुळवला तर त्याच पैशांत जास्त चांगला होतो, हे तिने आम्हांला महिनाभर पटवले. मी उत्तरपत्रिका तपासून मिळवलेले पैसे आणि सौ.ची लागलेली भिशी, असे मिळून चाळीस हजार रुपये उभे राहिले. भिशीच्या पैशांत स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती, हे या ठिकाणी नमूद केले नाही तर घरात माझी धडगत नाही.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर कॅबिनेट, मदरबोर्ड, मेमरी आणि पॉवर सप्लाय अशी मांडामांड झाली. सहा गाभ्यांचा प्रोसेसर घेतला. चित्र दाखवण्याची सोय त्याच्याच पोटात होती, त्यामुळे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचला. त्याच्या खोक्यातच एक छोटा पंखा फुकट मिळाला. दिवा लागला, पंखा फिरला, आईने यंत्राला हळदकुंकू लावले. हिशेबात एकवीसशे रुपये उरले. आम्ही सारे कृतकृत्य झालो.

* * *

मग रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला आणि अडचणींची मालिका सुरू झाली.

गावाकडून जाते आणले होते. आता दळणे आईच्याने होत नाही आणि रिकामे जाते फिरवू नये असा तिचा दंडक. तेव्हा तिने नुसता खुंटा धरून बसायचे आणि म्हणायचे, असे ठरले. खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओवी आठवत नाही. हात लागला की अंग आपोआप हलू लागते आणि शब्द येतात. म्हणून कन्येला आवाजाबरोबर तिच्या हातांचे चित्रही टिपायचे होते.

ओवी पहाटेची, म्हणून आधी पहाटेचा मुहूर्त धरला. पण आमच्याकडे पहाटे नळाला पाणी येते आणि आजूबाजूच्या सगळ्या इमारतींच्या मोटारी एकदम सुरू होतात. सकाळी भाजीवाले, घंटागाडी आणि कुकरच्या शिट्ट्या. संध्याकाळी समोरच्या मैदानात क्रिकेट. खरी शांतता एकाच वेळी मिळते: दुपारी दोन ते चार. त्या वेळी अवघे नगर झोपलेले असते आणि खोलीत पारा सदतीसवर असतो.

छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. आई खुंट्याला हात लावून बसली. म्हणू लागली. आणि आमच्या संगणकातला तो फुकटचा पंखा दोन ओळींच्या मधल्या प्रत्येक विसाव्यात सुस्कारे टाकू लागला. कधी ऊंऽऽ करून चढे, कधी उतरे. नंतर ऐकले तर आईच्या आवाजामागे कुणीतरी पिठाची गिरणी लावून ठेवल्यासारखे वाटत होते. ज्या गिरणीने जाते घालवले तीच ओवीच्या पाठीशी येऊन बसली!

कन्येने आधी बिनपैशाचे उपाय केले, हे तिच्या शहाणपणाचे लक्षण. सॉफ्टवेअर वापरून गुणगुण पुसून पाहिली. ती गेली, पण तिच्याबरोबर आईच्या आवाजातला थरथरता कंपही खरवडून निघाला. मोबाइलवर घेऊन पाहिले. माझ्या मोठ्या बहिणीने नेमका त्याच वेळी पुण्याहून फोन केला. मग यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पंख्याची गती कमी केली. आवाज मेला खरा. पण आवाज आणि चित्र एकाच वेळी साठवण्याचे सगळे काम प्रोसेसरवर, वर सदतीस अंशांची खोली. वीस मिनिटांत त्याचे तापमान पंचाण्णव अंशांना टेकले. प्रोसेसर इतका तापला की, स्वतःला जपण्यासाठी तो आपली गती आपणच कमी करतो. त्याने ती केली. चित्र अडखळू लागले आणि एका ओवीचा शेवटचा चरण मधोमध तुटला.

ती ओवी पुन्हा म्हणायला सांगितली. आईला ती आठवली नाही.

त्या दुपारनंतर कन्येने ते वाक्य उच्चारले होते, "बाबा, आपल्याला कूलर घ्यावा लागणार."

* * *

एकवीसशे रुपयांत काय बसेल, या प्रश्नाने मला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडे नेले. गृहस्थ रसाळ. त्यांनी चहा मागवला आणि आपला चहा बशीत ओतला.

"हाच तुमचा कूलर," ते म्हणाले. "चहा कपात राहिला तर निवायला वेळ लागतो, बशीत पसरला की लवकर निवतो. पृष्ठभाग वाढवायचा आणि वर फुंकर घालायची. कूलरचे धातूचे पातळ पत्रे म्हणजे बशी आणि पंखा म्हणजे फुंकर. बाकी सगळी कारागिरी."

मी विचारले, "पण एवढी उष्णता येते कुठून?"

"तुमच्या प्रोसेसरवर पासष्ट वॅट लिहिले आहे ना? जुना साठ वॅटचा दिवा आठवा. पेटल्यावर त्याला हात लावता येत होता का? तितकी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते. शिवाय कागदावर पासष्ट असले तरी जोर चढला की तो त्याहून बरेच अधिक खातो."

मग त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या देशात घडवलेला पहिला मोठा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे सत्तावीसशे निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी म्हणजे एक छोटी शेगडीच. तेव्हा यंत्र चालवायचे म्हणजे त्याची उष्णता काढून देणे हे आलेच. १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले पंडित नेहरूंनी, म्हणजे १९४२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदी म्हणून आणलेल्या नेहरूंनीच. पुढे नळ्या गेल्या, चिप आली. १९७१ साली इंटेलने काढलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर अवघे तेवीसशे ट्रान्झिस्टर होते. त्याला पंख्याची गरजच नव्हती. आज त्याच जातीच्या नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी असतात. शेगडी लहान झाली, पण धग एका जागी गोळा झाली.

"आता महत्त्वाचे ऐका," ते पुढे म्हणाले. "पंख्याचा कूलर, मग तो कितीही महाग असो, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती वर चढू द्यायचे एवढेच ठरवतो. परदेशातले परीक्षक एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत कूलर तपासतात आणि लिहितात, पासष्ट अंश आले. तुमची खोली सदतीसची. म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ पंधरा मिळवायचे. त्यांचा पासष्ट तो नगरचा ऐंशी. त्यांना जो कूलर बरा, तो आपल्याला काठावर पास."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. दुपारी संगणक बंद पडणाऱ्या प्रत्येक घराने ते लिहून घ्यावे असे आहे.

परतताना मी मुद्दाम फराहबागेवरून आलो. निजामशाहीतला तो अष्टकोनी महाल. सोळाव्या शतकात तो तळ्याच्या मधोमध बांधला. चारी बाजूंनी पाणी, त्यावरून येणारी झुळूक, जाड भिंती आणि उंच छत. तळ्यात आता पूर्वीसारखे पाणी नाही. तरी मे महिन्यातही आतल्या दालनात पाऊल टाकले की अंगाला फरक कळतो. उष्णता नाहीशी करता येत नाही, तिला फक्त जायला वाट करून द्यावी लागते, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

* * *

आता निवड. कन्येने पर्याय मांडले ते वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून थोडक्यात देतो.

पहिला पर्याय खोक्यातल्या फुकट पंख्याचा. तो टाकाऊ नसतो. साधे टंकलेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग एवढेच काम असेल आणि थोडा आवाज चालत असेल तर नवा कूलर घेणे म्हणजे पैसे उधळणे. मात्र काही प्रोसेसरांच्या खोक्यात पंखा येतच नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर असते ते असे असतात. तिथे कूलरचे पैसे पहिल्याच हिशेबात धरावेत.

दुसरा पर्याय उभ्या मनोऱ्यासारख्या कूलरचा. तळाशी तांब्याच्या तीन-चार नळ्या, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत आणि बाजूला एकशेवीस मिलिमीटरचा मोठा पंखा. या नळ्या मोठ्या गमतीच्या. त्या पोकळ आणि दोन्ही टोकांनी बंद असतात. आतली हवा काढून चमचाभरही नाही एवढे पाणी ठेवलेले असते. खालचे टोक तापले की पाण्याची वाफ होते, वर जाऊन पत्र्यांपाशी ती निवते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून, समईच्या वातीतून तेल चढावे तसे, परत तापलेल्या टोकाकडे ओढले जाते. आवाज नाही, वीज नाही, वर्षानुवर्षे अखंड फेऱ्या. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथे या युक्तीला रूप आले आणि पुढे ती अंतराळातल्या उपग्रहांतही वापरली गेली.

तिसरा पर्याय पाण्याच्या कूलरचा: पंप, रबरी नळ्या आणि गाडीच्या रेडिएटरसारखी जाळी. दिसायला देखणा, रंगीत दिव्यांचा. माझे मन त्याच्यावर गेले होते, हे कबूल करतो. कन्या म्हणाली, "बाबा, किंमत तिप्पट. पंपाचं आयुष्य ठरलेलं, त्याचाही थोडा आवाज येतो. पासष्ट वॅटला हा म्हणजे वाटाणा सोलायला विळा. त्यापेक्षा तेच पैसे मेमरीला घालावेत."

दुसरा पर्याय ठरला. मोठा पंखा का, तर मोठे पाते तेवढीच हवा सावकाश फिरून ढकलते. पंख्याची गती निम्मी झाली की आवाज ठोकळमानाने पंधरा डेसिबलने उतरतो, आणि आम्हांला हवी होती ती नेमकी ही शांतता.

पण मनोरा घ्यायचा तर मापे हवीत. सौ.ने शिवणकामाची टेप दिली. मदरबोर्डापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत मोजले तर जेमतेम एकशे पंचावन्न मिलिमीटर भरले. आम्ही मनात धरलेला कूलर एकशे एकोणसाठचा निघाला. चार मिलिमीटरने स्थळ मोडले! शेवटी दीडशे मिलिमीटरचे मिळाले. पंख्याची कड मेमरीच्या पट्ट्यांना आडवी येत नाही ना, हेही पाहिले. तिसरी गोष्ट सॉकेटची. आमचा मदरबोर्ड एएम४ जातीचा. त्याला बसणारे कूलर बहुधा नव्या एएम५ लाही बसतात, पण इंटेलचा एलजीए १७०० म्हटला की त्याचे कंस वेगळे. खोक्यावर आपल्या सॉकेटचे नाव छापलेले आहे की नाही, ते पैसे देण्याआधी वाचावे.

किंमत अठराशे पन्नास. हिशेबात अडीचशे उरले. सौ.ने ते त्याच क्षणी ताब्यात घेतले.

* * *

बसवायच्या दिवशी जुना पंखा काढायला गेलो तर तो सुटेना. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. दोन धातू कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात, फटीत हवा राहते आणि हवा म्हणजे उष्णतेच्या बाबतीत गोधडी. म्हणून त्या फटी पेस्टने भरायच्या. आमची पेस्ट घट्ट होऊन दोघांना चिकटवून बसली होती. जोर केला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि एएम४ जातीच्या प्रोसेसरला खाली केसासारख्या तेराशे एकतीस पिना असतात. एक वाकली तरी चौदा-पंधरा हजारांचा चुराडा.

कन्येने हात मागे घेतला. मी विजेरी धरून उभा होतो. माझा हात थरथरू लागला.

जात्यापाशी बसलेली आई मघापासून बघत होती. ती म्हणाली, "काय चिकाटलं का?"

"हो आजी."

"मग वड्या थाळीला चिकाटल्या तर काय करतीस? उलथनं घालून उचकटतीस व्हय? थाळी जरा ऊन करायची. मग आपसूक सुटतंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी पदार्थविज्ञानाला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर आहे. यंत्र दहा मिनिटे चालवा, मग बंद करून वायर काढा, आणि सरळ वर न ओढता हलके हलके डावी-उजवीकडे पिळा."

यंत्र दहा मिनिटे चालवले, बंद केले. कन्येने श्वास रोखून पंखा अर्धा इंच डावीकडे, अर्धा इंच उजवीकडे वळवला. वडी सुटली. प्रोसेसर जागेवरच राहिला.

जुनी पेस्ट औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने, मऊ फडक्याने पुसली. नवी लावली ती ज्वारीच्या दाण्याहून मोठी आणि वाटाण्याहून लहान. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. कूलर ठेवणार तोच सौ. म्हणाली, "थांब ग, त्याच्या बुडाला कागद चिकटलाय." पाहतो तर तळाला पारदर्शक संरक्षक पापुद्रा! तो तसाच राहिला असता तर सगळा खटाटोप पाण्यात गेला असता. मग स्क्रू. एकच आधी घट्ट आवळायचा नाही. समोरासमोरचे थोडेथोडे, एसटीच्या चाकाचे नट आवळतात तसे. पंख्याचे तोंड असे की, पुढून आलेली हवा पत्र्यांतून मागे जावी आणि कॅबिनेटच्या मागल्या पंख्याने ती बाहेर काढावी.

कन्येने आकडे लिहून ठेवले आहेत. खोली सदतीस अंश, तेच काम, अर्धा तास. जुन्या पंख्याने, पूर्ण आवाजात, एक्क्याण्णव. नव्याने, कानाला जेमतेम ऐकू येईल अशा गतीवर, चौऱ्याहत्तर. सतरा अंशांसाठी अठराशे पन्नास रुपये, म्हणजे अंशाला एकशे नऊ. सौ.ने हा हिशेब करून दाखवला आणि महाग नाही असा निर्वाळा दिला.

* * *

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता आई खुंटा धरून बसली. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. खोलीत इतकी शांतता होती की, तिच्या बांगड्या खुंट्याला लागल्या तेही ऐकू येत होते. ती म्हणत गेली. पंढरीच्या, सीतेच्या, भावाच्या, सासरच्या. कन्या डोळे न हलवता पडद्यावरची रेघ बघत होती. मी घाम पुसायचेही विसरलो.

मध्येच तिने एक ओवी म्हटली. ती इथे देत नाही. ती तिची आहे. तिच्यात एक मुलगा होता. तो सायकलवरून तालुक्याच्या शाळेला निघाला होता, आणि आई दाराशी उभी राहून वाटेवरच्या बाभळीला सांगत होती की त्याच्यावर सावली धर. वाटेवर एक मोडका पूल होता. आमच्या गावच्या वाटेवर तो पूल होता, आणि ती सायकल माझी होती.

वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो की, ओवीतला मुलगा हा कुणी एक मुलगा नसतो, तो सगळ्यांचाच असतो. पुस्तकात तसेच आहे. त्या दुपारी मला कळले की, तो आधी कुणाचा तरी एक असतो. मी उठून आत गेलो. माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायला नको होता.

त्या सुट्टीत दोनशे अकरा ओव्या झाल्या. तुटलेली ती ओवी मात्र परत आली नाही. तिचे साडेतीन चरण आमच्याकडे आहेत, पंख्याच्या गुणगुणीसह. कन्येने ते पुसलेले नाहीत.

गणपतीनंतर आईचे विसरणे वाढले. आता कधी कधी ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते. पण दुपारी कन्या कॉलेजातून आली की आजीला यंत्रापुढे बसवते आणि ओव्या लावते. आई खुंट्यावर हात ठेवून ऐकते आणि हळूच बरोबर म्हणू लागते. मध्ये अडली की यंत्र पुढे म्हणत राहते आणि दोन शब्दांनंतर ती त्याला गाठते. पूर्वी दोन जावा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावून दळायच्या, एक थकली की दुसरी ओवी उचलायची, तसेच काहीसे ते चालते.

परवा वसुबारसेच्या दिवशी तिने एकदम विचारले, "पोरी, ह्यो तुजा डबा चालू हाय ना? मग आवाज कसा न्हाई करीत?"

"त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला, आजी."

सौ. फराळाच्या ताटल्या घेऊन आत येत होती. ती म्हणाली, "आता पुढच्या मे महिन्याच्या आत माणसांच्या कूलरचं बघा." मी मान डोलावली. उन्हाळ्यात केलेली टिपणे अजून माझ्या खिशातच आहेत. फक्त तो कूलर दुपारी दोन ते चार बंद ठेवावा लागेल, एवढी एक अट घरात आधीच मंजूर झाली आहे.